विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : ११ सप्टेंबर १८९५, गागोदे बुद्रुक, ता. पेण, तत्कालीन कुलाबा जिल्हा. मृत्यू : १५ नोव्हेंबर १९८२, पवनार, जि. वर्धा) हे गांधीवादी विचारवंत, स्वातंत्र्यसैनिक, गीतेचे भाष्यकार आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून महात्मा गांधींनी त्यांची निवड केली, तेव्हा देशाला त्यांची प्रथम ओळख झाली. त्यापूर्वीची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी आश्रमात दळण, विणकाम, कताई, सफाई, शेती आणि अध्यापन यांत घालवली होती. त्यांच्या चरित्रात भूदान पदयात्रेला मोठे स्थान मिळते व ते योग्यच आहे. परंतु ती पदयात्रा ज्या जीवनातून निघाली ते समजण्यासाठी ही अप्रसिद्ध पंचवीस वर्षे अधिक महत्त्वाची आहेत.

बालपण

पेण तालुक्याची पश्चिम बाजू धरमतरच्या खाडीला लागून आहे. तेथे खारजमिनी, बांध आणि मिठागरे दिसतात. गागोदे मात्र डोंगराच्या बाजूचे, पावसाळ्यात भातशेतीने वेढलेले लहानसे खेडे आहे. (कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, म्हणजे विनोबांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस.) भावे घराणे गावात जमीनजुमला असलेले होते. वडील नरहरी शंभुराव हे कापडरंगाईच्या कामातील जाणकार होते व नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. त्यामुळे विनायकाचे बालपण मुख्यतः आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेले. बाळकृष्ण (बाळकोबा) आणि शिवाजी हे धाकटे भाऊही पुढे आजन्म ब्रह्मचारी राहून सार्वजनिक कार्यात आले. एकाच घरातील तिघा भावांनी असा मार्ग धरावा, ही गोष्ट त्या घराच्या वळणाविषयी बरेच काही सांगते.

आजोबा व्रतस्थ होते. गणेशोत्सवात ते मूर्ती विकत आणत नसत. घरातील मुले चंदन उगाळीत आणि त्या गंधाची मूर्ती आजोबा स्वतः घडवीत. इतक्या खटपटीने केलेली मूर्ती काही दिवसांनी पाण्यात का सोडायची, हा प्रश्न विनायकाला लहानपणीच पडला होता. आपण निर्माण केलेल्या वस्तूचा मोह सोडून देण्याचा हा पहिला धडा होता, असे विनोबा पुढे सांगत.

आईचे शिक्षण बेताचे होते, परंतु संतवाङ्मय तिला मुखोद्गत होते. घरच्या झाडाचा फणस उतरला की आधी शेजारी घरोघर वाटून यायचे आणि मग घरात खायचे, अशी तिची शिस्त होती. वाटपाचे काम मुलांकडे असे. घरात एक अंध वृद्ध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. भावे कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्यांच्या निधनाची बातमी आली, परंतु घरात सुतक पाळले गेले नाही. विनायकाने कारण विचारले, तेव्हा ते नात्याचे कोणी नव्हते, निराधार म्हणून घरात ठेवून घेतले होते, हे त्याला प्रथमच कळले.

कामाविषयीची एक आठवणही विनोबांनी सांगितली आहे. गावात मजूर दगड फोडीत असत तेव्हा हा अशक्त मुलगा तेथे जाऊन उभा राही आणि आपल्यालाही फोडू द्या असा हट्ट धरी. दगड फुटण्याच्या बेतात आला की मजूर त्याच्या हाती हातोडा देत, शेवटचा घाव तो घाली आणि मजूर कौतुकाने ओरडत. आधीचे घाव दुसऱ्यांचे असतात, हे भान विनोबांना पुढे होते की नाही, याचा निर्णय वाचकाने त्यांच्या उत्तरायुष्यावरून करावा.

बडोदे आणि गृहत्याग

नऊ-दहा वर्षांचा असताना विनायक बडोद्यास आला. वयाच्या दहाव्या वर्षी त्याने ब्रह्मचर्याचा संकल्प केला. गणितात तो हुशार होता. वडिलांच्या इच्छेप्रमाणे शाळेत फ्रेंच भाषा घेतली. आईची इच्छा संस्कृतची होती, म्हणून ती घरी स्वतःहून शिकला. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तो तासन्‌तास वाचीत बसे. काही मित्रांसह त्याने विद्यार्थी मंडळ स्थापन केले. त्यातील अनेक मित्र, उदाहरणार्थ गोपाळराव काळे आणि रघुनाथ धोत्रे, पुढे आश्रमजीवनातही त्याच्याबरोबर राहिले.

महाविद्यालयीन शिक्षणात मन रमेना. एके दिवशी आई स्वयंपाक करीत असताना विनायकाने आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. पुढे कधी त्यांची गरज पडेल, असे आईने सुचवून पाहिले. परंतु परत फिरण्याची वाटच राहू नये, हा त्याचा हेतू होता. २५ मार्च १९१६ रोजी तो इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. मुंबईस न जाता सुरतेस उतरला आणि काशीकडे गेला. घरी त्याने पत्राने कळवले, की तो परीक्षेला जात नसला तरी गैरमार्गाला लागणार नाही, याची खात्री बाळगावी.

त्या वेळी त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. एक हिमालयाची, म्हणजे साधनेची, आणि दुसरी बंगालची, म्हणजे क्रांतिकारकांची. काशीत दिवसा अन्नछत्रात जेवण आणि वाचन, संध्याकाळी गंगेचा काठ असा क्रम सुरू झाला. एका शाळेत थोडा काळ शिकवून त्याने निर्वाहापुरते पैसे मिळवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधींनी केलेल्या भाषणाची चर्चा अजून शहरात चालू होती. दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांसमोर त्यांनी देशाच्या दारिद्र्याचा प्रश्न मांडला होता आणि हिंसक मार्गाविषयीही मोकळेपणाने बोलले होते. विनायकाने तो वृत्तान्त वाचला व शंका विचारणारे पत्र लिहिले. उत्तर आले, पुन्हा शंका गेल्या. अखेरीस, असे प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, जीवनातून सुटतात, अशा आशयाचे आश्रमभेटीचे निमंत्रण गांधींनी पाठवले.

७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला. गांधी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी दुसरी सुरी त्याच्या हाती दिली. देशभर नाव असलेला पुढारी भाजी चिरताना दिसावा, हेच त्या तरुणाला नवीन होते. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला या माणसापाशी मिळाल्या, असे विनोबांनी पुढे वारंवार सांगितले. विनोबा हे नावही आश्रमातच रूढ झाले.

वाईचे वर्ष

आश्रमात काही महिने राहिल्यावर विनोबांनी एक वर्षाची रजा मागितली. संस्कृत ग्रंथांचा राहिलेला अभ्यास पुरा करावा आणि प्रकृती सुधारावी, असे दोन हेतू होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे (पुढे स्वामी केवलानंद सरस्वती) यांच्याकडे त्यांनी उपनिषदे, गीता आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले. उरलेल्या काळात पायी प्रवास करून त्यांनी महाराष्ट्राचा काही भाग आणि काही किल्ले पाहिले व वाटेत गीतेवर प्रवचने दिली. विद्यार्थ्यांना फुकट शिकवले. वाचनालयाला पुस्तके हवी होती, तेव्हा लोकांचे दळण दळून देऊन त्यांनी व त्यांच्या मित्रांनी पैसे उभे केले.

या वर्षाचा तपशीलवार हिशेब त्यांनी गांधींना पत्राने कळवला. काय वाचले, किती चालले, काय खाल्ले, कोणती व्रते पाळली, हे सर्व त्यात होते. ते पत्र वाचून गांधींनी गोरखनाथाने मच्छिंद्रनाथावर मात केल्याच्या कथेची आठवण काढली. ठरलेल्या वर्षाचा शेवटचा दिवस आला आणि विनोबा आश्रमात हजर झाले. गांधींना मात्र ती तारीख आठवतही नव्हती.

१९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत आईचे निधन झाले. अंत्यविधी पुरोहितांच्या हातून होणार होता. आईची उत्तरक्रिया आपण स्वतः करावी, असा विनोबांचा आग्रह होता. तो मान्य न झाल्याने ते स्मशानात गेले नाहीत. घरी गीता वाचीत बसले. आईला गीता मराठीत हवी होती आणि उपलब्ध अनुवाद तिला कठीण जात. मुलानेच ती सोपी करून लिहावी, असे ती म्हणत असे. ते काम आणखी बारा वर्षांनी हाती घेतले गेले.

वर्धा, नालवाडी आणि चरखा

साबरमती आश्रमात मैला उचलण्याचे काम बाहेरचा भंगी करीत असे. तो आजारी पडला असता त्याचा लहान मुलगा जड बादली घेऊन रडत चालला होता. बाळकोबा त्याच्या मदतीस गेले आणि हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. विनोबाही त्यात आले. ब्राह्मण तरुणांनी मैला उचलणे आश्रमातील काहींनाही रुचले नाही, परंतु गांधींनी पाठिंबा दिला आणि पुढे सफाई हे आश्रमवासीयांचे नित्यकर्म झाले.

एप्रिल १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधींनी विनोबांना वर्ध्याच्या आश्रमाचे संचालक म्हणून पाठवले. १९२३ मध्ये त्यांनी महाराष्ट्र धर्म हे नियतकालिक सुरू केले, त्याच वर्षी झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद लिहावयास घेतला व चार महिन्यांत पूर्ण केला. गीताई हे त्याचे नाव आईच्या स्मरणार्थ आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोत्यांत सहकैद्यांप्रमाणे सामान्य गुन्हेगारही असत. साने गुरुजींनी ती लिहून घेतली नसती तर गीता प्रवचने हा ग्रंथ उपलब्धच झाला नसता. कर्म, विकर्म आणि अकर्म यांचे त्यातील विवेचन हा त्या ग्रंथाचा गाभा मानला जातो. बाहेरच्या कामात मन ओतले की त्याचे ओझे उरत नाही, हा त्याचा थोडक्यात आशय आहे.

डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलित वस्तीच्या गावी राहावयास गेले. येथे त्यांनी केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. दिवसाचे आठ-आठ तास कताई चाले. त्यातच शिकवणेही होई. कातकऱ्याला, म्हणजे सूत कातणाऱ्याला, जी मजुरी प्रत्यक्ष मिळत होती तेवढ्यातच आहार बसवायचा, असा नियम होता. परिणाम असा झाला, की खादीचा पुरस्कार करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच कातणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीतला अपुरेपणा दिसला. या प्रयोगाने विनोबांचे शरीर मात्र खंगले.

पवनार

१९३८ पर्यंत त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले. थंड हवेच्या ठिकाणी जावे, असे गांधींनी सुचवले. विनोबांनी त्याऐवजी वर्ध्यापासून काही मैलांवरील पवनार निवडले. तेथे धाम नदीकाठच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी धाम नदीचा पूल ओलांडताना आपण आश्रमाच्या सर्व चिंता सोडल्या, असा संकल्प त्यांनी तीनदा उच्चारला. त्यानंतरचा उपचार विलक्षण होता. पहिल्या दिवशी त्यांनी शेतात फक्त पाच मिनिटे खणले, मग हळूहळू वेळ वाढवीत नेला आणि काही काळाने रोज दोन तास खणू लागले. अन्न साधे होते, चिंतन कमीत कमी ठेवले होते. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले.

या खोदकामात जमिनीखालून प्राचीन मूर्ती निघू लागल्या. त्यांत राम आणि भरत यांच्या भेटीचे एक शिल्प होते. पवनारला येण्यापूर्वी, १९३२ मधील धुळ्याच्या प्रवचनांत, विनोबांनी भरताच्या भक्तीविषयी भरभरून सांगितले होते. त्यामुळे हे शिल्प म्हणजे आपल्याला मिळालेला प्रसाद आहे, असे त्यांनी मानले. हे शिल्प पुढे आश्रमाच्या मंदिरात बसवण्यात आले. चरित्रकार या प्रसंगात ईश्वरी संकेत पाहतात. पवनार हे वाकाटककाळापासूनचे प्राचीन स्थळ आहे हे लक्षात घेता मूर्ती सापडण्यात नवल नाही. त्यांना हात लागला तो एका आजारी माणसाने कुदळ घेतल्यामुळे, एवढे खरे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ त्यांच्यापासून झाला. त्यानंतर १९४५ पर्यंतचा बराच काळ तुरुंगात गेला. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील चारही प्रमुख भाषांचा अभ्यास केला. सुटून आल्यावर ते राजकारणात गेले नाहीत. पवनारहून खांद्यावर फावडे टाकून ते रोज शेजारच्या सुरगावला पायी जात व तेथील रस्त्यांवरचा मैला उचलीत. हा क्रम दीड वर्षाहून अधिक चालला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. आश्रमाने पैशाचे दान घ्यायचे नाही, स्वतः पिकवायचे, स्वतः विणायचे. बैलांचीही मदत न घेता शेती करायची. विहिरीचा रहाट माणसे ढकलीत आणि फेऱ्या मोजण्यासाठी गीताईचे श्लोक म्हणत. या प्रयोगातून बाहेर पडण्याची त्यांची इच्छा नव्हती. हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास त्यांनी यावेच, असा सहकाऱ्यांचा आग्रह झाला, तेव्हा मार्च १९५१ मध्ये ते सुमारे ३०० मैल पायी चालत तेथे गेले.

भूदान

संमेलनानंतर त्यांनी तेलंगणाचा रस्ता धरला. तेथे जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील सशस्त्र शेतकरी लढा आणि त्याविरुद्ध सरकारी बळ यांत खेडी भरडली जात होती. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांसमोर विषय काढला, तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना फारशी झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गावोगाव जमीन मागू लागले.

ही पदयात्रा थोड्याफार खंडाने १९६४ पर्यंत, सुमारे तेरा वर्षे चालली. पहाटे निघायचे, मुक्कामी पोहोचताच सभा, पत्रे, अध्ययन आणि पुन्हा दुसऱ्या पहाटे चालणे असा दिवसाचा क्रम होता. पाच कोटी एकर हे उद्दिष्ट होते. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे मिळाली. त्यांतील सर्वाधिक जमीन बिहारमधील होती. पुढे व्यक्तीऐवजी संपूर्ण गावाने जमिनीची मालकी सोडावी, अशी ग्रामदानाची कल्पना आली. १९६० मध्ये चंबळ खोऱ्यातील काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९५८ मध्ये त्यांना समाजनेतृत्वासाठीचा पहिला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चळवळीचे मूल्यमापन एकमुखी नाही. दान मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग नापीक, वादग्रस्त किंवा केवळ कागदावरचा होता आणि बराच भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. कार्यकर्ते दानपत्रे मिळवण्यात जितके तत्पर होते तितके वाटपाच्या किचकट कामात नव्हते. विनोबांच्या स्वतःच्या जिल्ह्यातच वेगळ्या मार्गाचे उदाहरण होते. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतांची जमीन न कसण्याचा संप केला होता. उपासमार सोसून त्यांनी कूळ म्हणून आपले हक्क कायद्यात आणण्यास भाग पाडले. संघटित दबाव आणि कायदा यांनी जमिनीचा प्रश्न जितका सुटला तितका दानाने सुटला नाही, असे टीकाकार म्हणतात ते सहज बाजूला सारता येत नाही. दुसरीकडे, लाखो एकर जमीन कोणावरही बळ न वापरता मागून मिळवण्याचे दुसरे उदाहरण नाही, हेही खरे. जमीनमालकाच्या घरात जन्मलेल्या माणसाने जमिनीची मालकी हाच प्रश्न हाती घ्यावा, यात गागोद्याचा काही वाटा असावा.

उत्तरायुष्य

१९५९ मध्ये पवनार येथे त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. अध्यात्मसाधनेत स्त्रियांनी सामूहिक रीतीने पुढे यावे आणि निर्वाह शेती, छपाई अशा अंगमेहनतीवर व्हावा, अशी त्याची रचना होती. येथे सर्व निर्णय एकमताने घेण्याची पद्धत आहे. ७ जून १९६६ रोजी, गांधींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, विनोबांनी प्रत्यक्ष कार्यातून निवृत्त होऊन सूक्ष्मात प्रवेश करण्याचे जाहीर केले.

आणीबाणीतील त्यांची भूमिका वादग्रस्त ठरली. डिसेंबर १९७४ पासून त्यांचे वर्षभराचे मौन होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाल्यावर त्यांनी लिहून दाखवलेल्या अनुशासनपर्व या शब्दाचा सरकारने समर्थन म्हणून प्रचार केला. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, सत्तेचे शासन नव्हे, असा खुलासा त्यांनी पुढे केला. परंतु भूदानात जीवनदान दिलेले जयप्रकाश नारायण त्याच वेळी तुरुंगात होते आणि सर्वोदय कार्यकर्त्यांत पडलेली फूट या खुलाशाने भरून आली नाही. गोवंशहत्याबंदीसाठी त्यांनी १९७९ मध्ये उपोषण केले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, पवनार येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार धाम नदीच्या काठी झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. गीताई आणि गीता प्रवचने यांच्या आवृत्त्या अजूनही निघतात. पवनारच्या आश्रमात खोदकामात निघालेल्या मूर्ती ठिकठिकाणी बसवलेल्या असून आश्रमवासी भगिनी आजही तेथील शेतात काम करतात.